विनापरवानगी वाढवलेला वेग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक. व्यासपीठावर विराजमान संगणक विभागप्रमुख. आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांचं वर्णन आधीच्या तीन वक्त्यांनी 'शांत, मनमिळाऊ आणि वक्तशीर' एवढ्यावर उरकलं. त्यांचे यजमान, सासूबाई आणि लेक. परिचारिका भगिनींनो, आणि खुर्च्या कमी मागवल्यामुळे मागे ताटकळत उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

प्रयोगशाळाप्रमुख या नात्याने मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी जास्त घेणार आहे.

शांत आणि मनमिळाऊ! अहो, हे कुणाच्याही निरोपाला चालतं. या बाईंनी छत्तीस वर्षं इथे नेमकं केलं काय, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. कारण ते सांगायचं म्हणजे आपण काय केलं तेही सांगावं लागतं.

आम्ही त्यांना पाठीमागे 'भिंगबाई' म्हणायचो. बाई, तुम्हाला ठाऊक होतं, हो ना? हसताय म्हणजे होतं. एका ओळीत एक जागा जास्त सुटली तरी यांना दिसायची. सासूबाई आत्ताच मला सांगत होत्या, "आमची सून डाळींच्या डब्यांवरची नावंसुद्धा दोनदा तपासते." मावशी, तुमच्या डाळींचं भाग्य थोर. आमच्याकडे यांनी तपासलेलं कुणी वाचतच नव्हतं.

बाईंचं काम सांगतो. प्रयोगशाळेतली यंत्रं रक्त तपासतात आणि निकाल आपल्या पद्धतीने ओळी-रकान्यांत मांडतात. वॉर्डातल्या पडद्याला तेच निकाल वेगळ्या साच्यात लागतात. मध्ये एक प्रोग्रॅम बसलेला असतो, तो या साच्यातलं त्या साच्यात करतो; संगणक विभागातर्फे त्याची देखरेख बाईंकडे. दिवसाला दोनशे तपासण्या होत्या तोवर त्याचं बरं चाललं होतं. मग शहरातले बारा दवाखाने आपल्याला जोडले गेले आणि रोज सकाळी चार हजार निकाल येऊ लागले. प्रोग्रॅम सगळी थप्पी संपवल्याशिवाय काहीच पुढे पाठवायचा नाही. सकाळचा निकाल पडद्यावर यायला बावन्न मिनिटं!

यावर आपण काय केलं? समिती नेमली. विभागप्रमुख अध्यक्ष, मी सदस्य-सचिव. समितीने चार बैठकांत खल करून तो प्रोग्रॅम चालवायला एक मोठं यंत्र मागवलं. ते आलं त्या दिवशी केक कापला. बावन्नाची सत्तेचाळीस मिनिटं झाली. पाच मिनिटांसाठी केक! मीही दोन तुकडे खाल्ले.

भिंगबाई त्या बैठकीत दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, यंत्राचा दोष नाही. प्रोग्रॅम दर ओळीला नियमांची फाइल नव्याने उघडतो, वाचतो, बंद करतो. मग पेशंटच्या यादीत पहिल्या नावापासून शोधायला लागतो. यादीत अकरा हजार नावं आहेत. चार हजार ओळी, आणि प्रत्येक ओळीला अकरा हजारांची यादी. नियम एकदाच वाचून लक्षात ठेवायचे आणि पेशंटच्या नंबरावर सूची करायची, म्हणजे थेट त्या नावावर जाता येतं. बस्स."

विभागप्रमुख म्हणाले, "बाई, इतकं सोपं असतं तर आम्हाला सुचलं नसतं का?"

सभागृहाला एकच प्रश्न विचारतो: या वाक्यावर कोण हसलं असेल? मी हसलो. सर्वांत मोठ्याने. बाईंनी तेच म्हणणं तीनदा लेखी दिलं. तिन्ही कागद माझ्याच खणात होते.

आणि एवढ्यावर मी थांबलो का? छे! मी एक परिपत्रक काढलं. धोक्याचा आकडा दिसला की प्रयोगशाळेने वॉर्डात फोन करायचा, अशी आपल्याकडे जुनी शिस्त होती. मी लिहिलं, निकाल पडद्यावर येतच असल्याने फोन करू नयेत. खाली झोकदार सही ठोकली.

पुढच्याच आठवड्यात आपले लिफ्टमनकाका पायांतलं बळ गेलं म्हणून सकाळी भरती झाले. चौथा मजला. रक्त खाली आलं, आठ पन्नासला आमच्या यंत्राने पोटॅशियमचा आकडा दिला. माझ्या माणसाने फोन उचलला, परिपत्रक आठवलं आणि खाली ठेवला. निकाल रांगेत गेला.

साडेनऊला चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर धापा टाकत माझ्या दारात. जिन्याने आल्या होत्या. लिफ्ट बंद होती, कारण ती चालवणारा माणूस खाटेवर होता.

"माझ्या पेशंटचं पोटॅशियम कुठंय?"

मी म्हणालो, "सिस्टर, पाठवलंय की. पडद्यावर बघा."

"पडद्यावर काही नाही! आकडा तुमच्याकडे आहे ना? मग तोंडाने सांगा!"

सात पॉइंट एक. एवढ्यावर माणसाचं हृदय कधीही थांबू शकतं. सिस्टर आकडा ऐकताच उलट्या पावली चार मजले चढल्या. त्या पोचल्या तेव्हा काकांचे ठोके चुकायला लागले होते. इंजेक्शन वेळेत गेलं. काका वाचले, ते तिथे मागे खांबाला टेकून उभे आहेत. काका, आज जाहीरपणे सांगतो, तुम्हाला सिस्टरच्या पायांनी वाचवलं. आमच्या मोठ्या यंत्राने त्या वेळी तुमचं नाव यादीत पहिल्यापासून शोधायला घेतलं होतं.

दुपारी भिंगबाई माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज चढलेला नव्हता. "परिपत्रक आज मागे घ्या," म्हणाल्या, "आणि मला रोज सकाळच्या फायलींची एक प्रत द्या." मी मान खाली घालून दोन्ही केलं.

दोन दिवसांत त्यांनी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. तेच चार हजार निकाल, तेच यंत्र, आणि वेळ किती? बावीस सेकंद. मी घड्याळ हलवून बघितलं. म्हटलं, "बाई, लावा की लगेच!" तर नाही म्हणाल्या. "वेगाने चुकीचं जाण्यापेक्षा उशिरा गेलेलं परवडलं." नऊ दिवस जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तीन ओळी जुळेनात. त्या तिन्हींत चूक जुन्याची निघाली! 'अमक्यापेक्षा कमी' हे चिन्ह तो गाळून टाकायचा. आपल्याला वर्षभर पत्ता नव्हता.

मग त्यांनी परवानगी मागितली. विभागप्रमुख म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या बैठकीत विषय ठेवू." बाईंनी सोमवारी सकाळी नवा प्रोग्रॅम सुरू केला. आठ वाजून एक्कावन्न मिनिटांनी सगळे निकाल सगळ्या वॉर्डांत होते.

बुधवारी त्यांना नोटीस गेली. मसुदा मला पाठ आहे, कारण मीच लिहिला: 'आपण सक्षम समितीच्या परवानगीविना प्रणालीच्या वेगात वाढ केल्याचे निदर्शनास आले आहे.' वाढ केल्याचे! खाली तीन सह्या: सदस्य-सचिव, समितीचे अध्यक्ष, अधीक्षक.

आणि त्या वर्षीचा अहवाल? 'समितीच्या मार्गदर्शनाखाली वेग सव्वाशे पटीने वाढला.' शेजारी आम्हा पाच जणांचा फोटो. तो फोटो काढायला कुणाला बोलावलं होतं, आठवतं? भिंगबाईंना. "साहेब, जरा डावीकडे सरका," असंही त्या म्हणाल्या होत्या.

फोटो जिन्यात लागला आणि नोटीस सेवापुस्तकात. नोटिशीमुळे बढती दोनदा अडली. तीन वर्षं झाली. मी रोज तो जिना चढतो, बाईही चढायच्या, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. मनमिळाऊ कुणाला म्हणायचं, ते आता तुम्हीच ठरवा.

अध्यक्ष महोदय, कार्यक्रमपत्रिकेत नसलेला एक कागद माझ्या हातात आहे. ती नोटीस मागे घेतल्याचं आणि अडलेली बढती मूळ तारखेपासून द्यावी असं पत्र. माझी सही झालेली आहे. उरलेल्या दोन सह्या करणारे हात सुदैवाने याच व्यासपीठावर आहेत.

काय म्हणता विभागप्रमुखसाहेब, बैठकीत ठेवू? अहो, ही बैठकच आहे. दोनशे माणसं बसली आहेत, चाळीस उभी आहेत. घ्या, पेन घ्या. चष्मा वरच्या खिशात असेल. हं, इथे. आणि अधीक्षकसाहेब, तुमची त्याखाली. तारीख आजचीच.

झालं. टाळ्या नकोत, थांबा. याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आपण तीन वर्षं लावली.

बाई, हा कागद घ्या. पुष्पगुच्छ नंतर कुणीतरी देईलच.

मला माईक देऊन पस्तावलेल्या आयोजकांचे आभार. चार मजले धावलेल्या सिस्टरचे आभार, ते मानायलाही आम्ही विसरलो होतो. बोलण्याच्या भरात व्यासपीठावरच्या कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर आपण थोर मनाने पदरात घ्यावं. बाईंची माफी मात्र मी अशी जाता जाता, माईकवर मागणार नाही. त्यासाठी रविवारी त्यांच्या घरी जाईन. दार उघडायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.