बॉनेट उघडून बघणारी माणसं

हे मी कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय. म्हणजे बाबा म्हणाले होते, 'आईला सांगू नकोस,' आणि तुम्ही चौघी काही माझी आई नाही, तेव्हा दार लोटा आणि ऐका, कारण आता पोटात ठेवलं तर मी फुटेन! खाली ती लाल गाडी बघितलीत ना? छान दिसते, हो ना? दुरून छानच दिसते. जवळ गेलात तर पेट्रोलचा वास येतो आणि आत बसलात तर गुडघे हनुवटीला लागतात, कारण सीट म्हणजे जवळजवळ जमीनच. सीट दोनच, काच दोन्ही हातांनी ओढून वर घ्यायची, आणि गाडी नेहमी उतारावर उभी करायची, कारण ती सुरू नाही झाली तर ढकलायला बरं. वय माझ्या दुप्पट. आणि बाबांना काही विचारलं की डोळे मिटून म्हणतात, "अगं, पण चालवायला काय मजा येते!"

आईची गाडी पांढरी आणि चौकोनी. अकरा वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोलत नाही. लालबद्दल मात्र रोज! आज खोकली, आज रुसली, आज गरम झाली... माझ्या तापाची इतकी चौकशी कधी झालेली मला आठवत नाही.

तर माझी प्रवेशपरीक्षा. त्या निवासी शाळेची, चाळीस किलोमीटरवरची. नऊ वाजता फाटक बंद, नंतर आलेल्याला आत घेत नाहीत, पुढची संधी नाही. दोन वर्षं मी त्यासाठी अभ्यास केला, तुम्हाला माहीतच आहे. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिची ड्यूटी सकाळी सातची. ती म्हणाली, मी सुट्टी टाकते. बाबा म्हणाले, "सुट्टी कशाला? मी नेतो की."

"कशातून?"

"कशातून म्हणजे? आपल्या गाडीतून."

आईने हातातला चमचा खाली ठेवला. "हे बघ," ती म्हणाली, "पोरीला त्या डब्यातून नऊच्या आत पोचवलंस, तर मी त्या डब्याबद्दल जन्मात एक शब्द बोलणार नाही. नाही पोचवलंस, तर दुसऱ्या दिवशी डबा विकायचा. कबूल?"

"कबूल!"

मला कोणी विचारलं का? नाही. परीक्षा माझी, आणि निकाल गाडीचा लागणार!

परीक्षेच्या दिवशी साडेसातला खाली उतरते तर काय, बाबांची रविवारची मंडळी, म्हणजे जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे वेडे, हजर! धीर द्यायला! हिरव्या गाडीतून दातांचे डॉक्टर, निळ्या गाडीतून निवृत्त प्रोफेसर. दोघांच्या शेजारच्या सीटवर माणूस बसूच शकत नाही. डॉक्टरांच्या सीटवर जादा बॅटरी, प्रोफेसरांच्या सीटवर पंप, पाइप आणि पान्यांची पेटी. आणि सगळ्यात मागे फ्रीजकाका. हे काका चष्म्याचं दुकान चालवतात, पण मंडळींत त्यांना फ्रीज म्हणतात, कारण त्यांची गाडीसुद्धा स्पोर्ट्सच, पण कोरी, राखाडी. बटण दाबलं की फ्रीजसारखी बारीक घूं करते आणि चालते. एवढंच. कधी बंद पडत नाही, म्हणून मंडळी त्यांना चहालासुद्धा कोपऱ्यातली खुर्ची देतात.

निघालो. दहा मिनिटांत इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकला. बाबांनी काय केलं असेल? हीटर लावला! भर उन्हात, पूर्ण! म्हणे इंजिनाची उष्णता आत ओढली की इंजिन थंड राहतं. इंजिन थंड! आणि मी? माझं प्रवेशपत्र हातात ओलं झालं, माझ्या फोटोवरची शाई पसरली, मी त्यात आजीसारखी दिसायला लागले... आणि बाबा वाऱ्यावर केस उडवत ओरडताहेत, "ऐकतेस ना आवाज? काय मजा येते!"

आणि आठ वाजून दहा मिनिटांनी, चढावर, आवाज बंद.

तुम्हाला वाटेल, चार गाड्या होत्या, काय बिघडलं? तुम्ही शहाण्या आहात म्हणून तुम्हाला असं वाटतं. ह्या मंडळींचा नियम ऐका. एक थांबली की सगळ्यांनी थांबायचं. आणि नुसतं थांबायचं नाही, सगळ्यांनी आपापलं बॉनेट उघडायचं! का? तर बंद पडलेलीला एकटं वाटू नये म्हणून! कोणी सोडून पुढे जायचं नाही. युद्धावर निघालेत जणू! रस्त्याच्या कडेला चार गाड्या आ वासून उभ्या, आणि त्यांच्यात वाकलेले चार मोठे पुरुष. फ्रीजकाकांनीपण उघडलं बिचाऱ्यांनी. आत सगळ्यावर एक काळं झाकण. डॉक्टरांनी डोकावून पाहिलं आणि दुखवट्याच्या आवाजात म्हणाले, "अरेरे. बघायला काहीच नाही."

प्रोफेसरांनी निदान केलं. पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरलीय. नळीवर ओलं फडकं ठेवायचं. फडकं म्हणून माझा रुमाल गेला, पाणी म्हणून माझी बाटली गेली.

"पाच मिनिटं," बाबा म्हणाले.

आणि मग, वाफ उतरेपर्यंत करायचं काय, तर चर्चा! तिथे! आठ वीसला!

"भरवशाची गाडी म्हणजे काय हो?" डॉक्टर म्हणतात. "बसलो आणि पोचलो! ह्यात माणसाने काय केलं?"

"बरोबर," प्रोफेसर म्हणतात. "पोचायचंच असेल तर बस आहे."

बस आहे! हो, होती की, सात चाळीसची! मी तिचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं!

"डॉक्टर, तुमच्याकडे येणाऱ्याला तुम्ही असंच सांगता का," फ्रीजकाका हळूच म्हणाले, "की दात टिकला नाही तरी चालेल, चावताना मजा आली पाहिजे?"

कोणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण माझ्याकडे घड्याळ होतं.

आठ अठ्ठावीस. "पाच मिनिटं." आठ चौतीस. "झालंच, पाच मिनिटं." ह्या लोकांकडे पाच मिनिटं हा काही वेळ नाही, तो एक नमस्कार आहे! आठ छत्तीसला फ्रीजकाका घसा खाकरून म्हणाले, "मी सोडू का हिला?"

डॉक्टर आभाळाकडे बघायला लागले. प्रोफेसर रुमाल पिळायला लागले. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग लालकडे पाहिलं... मग परत माझ्याकडे... आणि काय सांगू, आधी माझ्याकडे पाहिलं एवढंच समाधान मानायचं, कारण तोंडातून निघालं ते, "दोनच मिनिटं बघू या?"

मी वर्गात हजेरीलासुद्धा हात वर करते, तोंड उघडत नाही. ह्यावरून तुम्ही चिडवता आणि मला राग येत नाही. पण तेव्हा मी सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "काका, तुमच्या गाडीचं दार कुठून उघडतं?" कारण त्या गाडीला कडीच दिसत नव्हती, हो! हात लावला की आपोआप बाहेर येते म्हणे.

बाबांनी माझं पॅड आणि पेन्सिली आणून मांडीवर ठेवल्या, आणि त्यांच्या बोटांचं काळं तेल प्रवेशपत्राला लागलं. वाईट वाटलं का मला? वाटलं. अर्धा किलोमीटरभर.

आत गार, शांत, गुडघे गुडघ्यांच्या जागी. पंधरा मिनिटं काहीच घडलं नाही, आणि हे 'काहीच न घडणं' इतकं सुंदर होतं, की मी मनात भूमितीची अकरा प्रमेयं म्हणून घेतली. मला वाटलं, मंडळींत एक तरी शहाणा आहे. तेवढ्यात काका म्हणाले, "खरं सांगू बाळ? कधी कधी वाटतं, हिने एकदा बंद पडावं. म्हणजे मलापण कोणी विचारेल, काय झालं म्हणून." मी खिडकीबाहेर बघत बसले. अगं, एक धड माणूस, आणि तोही बिघडायला टपलेला!

नऊला आठ कमी असताना मी फाटकातून आत गेले.

दुपारी बाहेर येते तर लाल समोर उभी. बाबांच्या नाकाला तेल, चेहऱ्यावर जगज्जेत्याचं हसू. "बघ, आली की नाही! तुझ्यामागून विसाव्या मिनिटाला सुरू झाली!" विसाव्या! म्हणजे नऊ वाजायला चार कमी असताना, अठरा किलोमीटर अलीकडे! मग आवाज खाली करून म्हणाले, "आईला मात्र..."

घरी आईने विचारलं, "पोचली वेळेत?"

"नऊला आठ मिनिटं होती!" बाबा म्हणाले. बघा, खोटं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं. आमच्याकडे माझ्या गप्प बसण्याचा कोणी अर्थ काढत नाही, तो माझा स्वभाव आहे.

आई शब्दाची पक्की. त्या दिवसापासून तिने लालबद्दल एक शब्द काढला नाही. उलट, मी पास झाल्याचं पत्र आलं तेव्हा ती बाबांना म्हणाली, "मी उगाच बोलत होते हं तुला." आणि बाबांची मान अशी ताठ, की मला वाटलं आता मोडते! आणि काल मी तिला म्हटलं, उद्या मला शाळेत सोडायला तुझ्या गाडीने जाऊ या ना, दुपारी बारापर्यंत हजर व्हायचंय, नाहीतर हॉस्टेलची जागा दुसऱ्याला देतात. तर ती माझ्या केसांवरून हात फिरवून काय म्हणाली असेल?

"कशाला गं? बाबांची आहे ना भरवशाची."

मी तोंड उघडलं होतं. शपथ, उघडलं होतं! पण बाबा मागे उभे राहून असे बघत होते, असे बघत होते... त्या तापलेल्या नळीसारखे, फडकं ठेवा म्हणणारे. मी मिटलं. आता बघा ना, मोठी ट्रंक त्या गाडीत मावत नाही म्हणून वर्षभराचे कपडे ह्या एका पिशवीत. तुम्हाला सांगते, ह्या सगळ्यांत मूर्ख कोण म्हणाल तर डॉक्टर नाहीत, प्रोफेसर नाहीत, बाबापण नाहीत, खरी मूर्ख म्हणजे...

"अगं ए! सुरू झाली! बंद पडायच्या आत खाली ये!"