हात लागला की लागला

(इजिप्तमधल्या देसूक गावातल्या एका कहवाखान्याच्या दारातलं टेबल. मधे बुद्धिबळाचा पट. हाजी बासयूनी गावातला पहिल्या नंबरचा खेळाडू. शहाता पाण्याचे पंप दुरुस्त करतो.)

हाजी: …तसा लांबून नको, खुर्ची जवळ ओढ. तू विचार करतोयस तोवर एक गोष्ट सांगतो.

शहाता: गोष्ट नको. माझं लक्ष उडतं.

हाजी: लेका, ते उडवायला गोष्ट कशाला लागते? एक हत्ती कमी घेऊन खेळतो म्हटलं, तर तुलाच राग.

शहाता: दयेवर जिंकलो तर आमची गल्ली तोंडात शेण घालेल.

हाजी: तुमच्या गल्लीनं तुलाच कसं पाठवलं?

शहाता: घोडा कसा चालतो ते मला एकट्यालाच ठाऊक.

हाजी: हं. जिंकेल त्याच्या गल्लीत शेख आब्दीन उद्या मौलिदच्या उत्सवात गाणार. आमच्याकडे खुर्च्या मांडूनसुद्धा झाल्या.

शहाता: उचलाव्या लागतील. आई दोन वर्षं खाटेवर आहे. शेख खिडकीखाली गायले तरच तिला ऐकू येणार. घ्या, हत्ती सरकवला.

हाजी: बघितला. तर, अशीच मौलिदची रात्र. शेखांचा आवाज तेव्हा कोवळा. पैगंबरांचं नाव आलं आणि त्यांनी सूर असा उचलला… असा… आणि धरूनच ठेवला. चहावाला किटली वाकडी धरून उभा. चहा त्याच्याच पायावर पडतोय, पत्ता नाही.

शहाता: हाजी.

हाजी: थांब. सूर अजून खाली आलेला नाही.

शहाता: हाजी, तुमच्या हातात वजीर आहे.

हाजी: आहे खरा.

शहाता: ठेवा परत. मी पाहिलं नाही.

हाजी: हात लागला की तेच मोहरं हलवायचं. तुझ्या बापाला मी चाल परत घेऊ दिली होती का?

शहाता: नाही. मरेपर्यंत ते बोलून दाखवत होते.

हाजी: मग? आता वजीर कुठेही नेला तरी तुझा हत्ती शेवटच्या ओळीत उतरणार. मात.

शहाता: उतरणार का? मला दिसलं नव्हतं.

हाजी: ठाऊक आहे.

शहाता: मुद्दाम नाही ना केलंत?

हाजी: मुद्दाम हरायचं असतं तर तुझ्याहून बरा खेळणारा शोधला असता. हा नेला वजीर. हलव.

शहाता: हलवला. मात. …उद्या या तुम्ही. आईच्या खाटेशेजारी खुर्ची ठेवतो.

हाजी: येईन. आणि शेख दुआ मागायला लागले की माझ्या बायकोची, नफीसाची आठवण ठेवा तुम्ही मायलेक. चाळीस दिवस झाले तिला जाऊन. मी नाव घ्यायला गेलो की मधेच थांबतो.