सहा हजारांत एकच वस्तू

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, "साहेब, रॅम टाका." अरे टाका काय टाका? धुण्यात नीळ टाकायचीय का? तुम्हाला सांगतो, ह्या कॉम्प्युटरवाल्या रतिलालशेठने दोन वर्षांपूर्वी हाच डबा माझ्या गळ्यात मारताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, साहेब, आता दहा वर्षं बघायला नको! आणि आज तोच माणूस चष्म्यावरून असा बघतो की जणू मी मोडका स्टोव्ह दुरुस्तीला आणलाय. रॅम म्हणे कमी पडते. बरं, ग्राफिक्स कार्ड? तेही कमी पडतं. प्रोसेसर? तो तर विचारूच नका. सगळंच कमी पडतं तर तेव्हा विकलंस काय, नुसता पत्रा? माझ्याकडे होते सहा हजार, कॉलेजच्या प्रश्नपत्रिका टाइप करून करून, बोटं वाकडी होईस्तोवर साठवलेले. त्यात एकच वस्तू येत होती हो, एकच!

तुम्ही म्हणाल, एवढं घोडं अडलं कुठे? अडलं आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि गडीमाणसं राजरोस पत्ते कुटतात, त्या दिवशी त्याला कोणी जुगार म्हणत नाही. तर माझा साला भटू, धुळ्याचा, बहिणीला म्हणजे आमच्या लताला न्यायला दरसाल जळगावात, आमच्या पिंप्राळ्याला येतो, एक दिवस तंगड्या पसरतो आणि माझ्याशी पैज लावतो. आधी पत्त्यांवर लावायचा, गेल्या वर्षी कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीवर लावली. मी जिंकलो तर ही पाच दिवसांत परत, तो जिंकला तर ही महिनाभर धुळ्याला. महिनाभर! जळगावचा वैशाख, पंचेचाळीस डिग्री, आणि घरात मी एकटा, ज्याला वरणाला फोडणी आधी घालतात की नंतर हे आजतागायत ठाऊक नाही. गेल्या वर्षी हरलो. का हरलो? मशिनमुळे! तिसऱ्या वळणावर चित्र थिजायचं, पुन्हा हलायचं तोवर गाडी भिंतीत. माझा काय दोष?

म्हणून ठरवलं, यंदा काय ते टाकायचंच. पण काय? रतिलाल म्हणे रॅम. ऑफिसातला वना, ज्याच्या घरी साधा कॅल्क्युलेटर नाही, तो तंबाखू मळत म्हणे, "भाऊ, कार्डच घ्या, रॅममध्ये काही दम नाही." लता म्हणे, "तुम्ही खुर्चीत तिरके बसता, आधी सरळ बसून बघा." हिला काय कळतंय! स्कूटरवरून त्या दुकानाच्या आठ चकरा झाल्या, उन्हात टाळू तापली. रॅम घ्यावी तर कार्ड बोंबलतं, कार्ड घ्यावं तर प्रोसेसर रडतो... आणि यायची किती वस्तू? एकच!

शेवटी डोळे मिटून कार्ड घेतलं. रतिलालने बसवलं, आणि काय सांगू, गाडी लोण्यासारखी पळाली... वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला सगळं ठप्प. "गरम होतं साहेब, आतला पंखा घ्या अजून एक." अरे चोरा! पैसे संपल्यावर सांगतोस? म्हटलं, पंखा कशाला, जळगावात राहतो मी, घरात चांगला पत्र्याचा कूलर आहे. कॉम्प्युटरचं झाकण काढलं, कूलर ओढत आणला, गवत भिजवलं, पंप सुरू केला आणि वाऱ्याचं तोंड थेट त्याच्या पोटात. दोन दुपारी राजा चालला! तिसऱ्या दुपारी कूलरचे तुषार नव्या कोऱ्या कार्डावर, आणि पडदा काळा.

मी काय केलं असेल? कार्ड उपटलं आणि धावलो गच्चीवर. तिथे खाटेवर लताचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते, त्यांच्या शेजारी कार्ड ठेवून दिलं. तासाभराने ही आली, सगळे बिबडे उलटले आणि हाताच्या सवयीने माझं सहा हजारांचं कार्डही उलटून गेली. दोन्ही बाजूंनी कडक वाळलं. बसवलं तर चालू! म्हटलं, देव आहे. मग कूलर हातभर मागे घेतला, पण तोंड त्याच्याकडेच. आठ दिवस घरात माणसाला वाऱ्याची झुळूक नाही. ही स्वयंपाकघरात पदराने वारा घेतेय, मी सरळ बसून सराव करतोय.

आला भटू. एकामागून एक बसायचं, ज्याची फेरी कमी वेळात तो जिंकला. आधी मी बसलो. तिसरं वळण असं घेतलं की बस, एकदाही झटका नाही, जन्मात इतका कमी वेळ लागला नव्हता. घाम पुसत मिशीला पीळ दिला आणि म्हटलं, "ये आता." तो आला, माझ्याच खुर्चीत बसला, माझ्याच कार्डावर, माझ्याच कूलरच्या वाऱ्यात... आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीन एकच आहे हो, एकच! ते माझ्यासाठी पळणार तसंच ह्याच्यासाठीही पळणार. आठ चकरांत हे मला सुचलं नाही, त्या वनाला नाही, आणि रतिलालला सुचलं असेल तर तो कशाला बोलतोय?

गेल्या वर्षी तीन सेकंदांनी हरलो होतो, यंदा अकरा. भटू उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "दाजी, मशीन ते झकास शे. पन चालाडनारा कोन शे?"

मी आशेने लताकडे पाहिलं. तिने दाराशी ट्रंक आणून ठेवलेली, गच्च भरलेली, पाच दिवसांची नव्हे, चांगली महिन्याची. म्हटलं, अगं, शर्यत आत्ता संपली, आणि ट्रंक कधी भरलीस?

"कूलर तिकडे वळवलात त्या दिवशी," ती म्हणाली. "आता त्यालाच सांगा स्वयंपाक करायला."

गेली. आज सतरावा दिवस. वरण रोज करपतं, पण मशीन, खोटं कशाला बोलू, एक नंबर चालतं. रोज दुपारी शर्यत लावतो आणि रोज पहिला येतो... दुसरं कोणी नसतंच ना घरात.