लताचा दुसरा कप

मंडळी, तुमी सगळे आलात, बरं वाटलं. मामा, तुमी पुढं बसा. मला बोलायची सवय न्हाई. मी रेल्वेतला माणूस. पण कुसुमकाकूंच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, म्हणून मला उभं केलंय. काकू जाऊन आज दहा दिवस झाले. अजून 'होत्या' म्हणताना जीभ अडते.

काकूंची लेक लता ती तिथं पायरीवर बसलीय. चौतीस वर्षांची. जन्मापासून स्वमग्न, डॉक्टर ऑटिझम म्हणतात. माझा ओमही तसाच, नऊ वर्षांचा. ते कळलं तेव्हा मी पार खचलो होतो. काकू म्हणाल्या, रडून घे, मग लताला भाकरी करताना बघ. बघितलं. लय वेळ लागला, पण भाकरी फुगली. त्या दिवशी ओम मोठा झालेला मला पहिल्यांदा दिसला.

दर गुरुवारी काकू सकाळच्या बसनं पालमला, भावाच्या गावी, या मामांकडं जायच्या. लोक म्हणायचे, म्हातारीला माहेरची लय ओढ. ओढ न्हाई हो. तालीम होती ती. आपल्यामागं लताला एकटीनं दिवस काढता यावा, म्हणून त्या घर सोडायच्या. आधी नुसतं कोपऱ्यापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग पालम. मला ताकीद होती, परसातल्या भिंतीवरून तिच्या सैपाकघरात बघायचं, मदत करायची न्हाई. एकदा दूध उतू गेलं. मी पाय उचलला आणि परत ठेवला. लतानं ओटा पुसला, दुसरं दूध ठेवलं. हळूहळू तिला सगळं आलं. साडेपाचला काकू फाटकात यायच्या, तेव्हा दोन कप चहा तयार असायचा.

त्या तालमीत एक चूक मात्र झाली. मी ती बोलूनही दाखवली. म्हणलं, "काकू, तुमी दर वेळेला परत येता. लता तेच शिकायलीय."

काकू म्हणाल्या, "मग काय करू रे? न येऊन कसं जमंल मला?"

मलाही ओमकडं परतच यायचंय. रोज. कायम.

दहा दिवस झाले, लता रोज साडेपाचला दोन कप भरायलीय. एक हातात घेऊन फाटकाशी उभी राहते. चहा निवतो. मग दोन्ही कप मोरीत ओतते. स्वतःचाही पीत न्हाई.

मामा, राग मानू नका. तुमी तिला पालमला नेणार म्हणता. तुमची माया हाय, मला माहीत हाय. पण तिचा ओटा, तिचं फाटक, तिची वेळ इथं हाय. काकूंनी तिला हे घर शिकवलं. ते मोडू नका. रात्री सोबतीला माझी आई झोपंल. दिवसा आमी गल्लीतले हाओत. काकूंच्या तालमीत राहिलं ते एवढंच, की त्या नसताना लताच्या दारात कुणीतरी यावं.

सव्वापाच झालेत. आता लता उठंल. आज फाटकातून मी येतो, तो कप मी पितो. मी काकू न्हाई, हे तिला कळंल. वाईट वाटंल तिला. पण चहा निवणार न्हाई.

उठा मंडळी. दोन मिनिटं शांत उभं राहू, काकूंना हात जोडू. आणि उद्या साडेपाचला कोण येणार, तेवढं मनात ठरवू.