कोपर राहिलं

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती फुटलेल्या काचेचा फोन घेऊन रांगेत उभी होती. तो संध्याकाळपर्यंत सुरू व्हायलाच हवा होता, नाहीतर तिचा मुलगा झोपणार नव्हता. तिच्यापुढे एक बसड्रायव्हर आणि त्याचा कंडक्टर होते.

"तुझी लेक फोनशिवाय झोपते? थापा मारू नकोस," कंडक्टर म्हणाला.

"बसने झोपते."

"घरात बस आणलीस?"

"लेकच बस. पायाच्या बोटांपासून सुटायचं. घोट्याला थांबा, प्रवासी उतरले, दिवा बंद. मग गुडघा. असं करत करत डोळ्यांशी डेपो."

"आणि ती गुपचूप पडते?"

"कुठली. काल कोपर विसरलो, तर म्हणते, बाबा, कोपरावर आजीबाई ताटकळल्यात, गाडी मागे घ्या."

"घेतलीस?"

"न घेऊन जातो कुठे?"

"माझ्यासाठी कधी चार पावलं मागे घेतली नाहीस."

"तू कुठे झोपतोस माझ्या गाडीत?"

"रोज."

"ऐक तर. सुरुवातीला मी गाडी जोरात हाकायचो, की ती ताडकन उठून बसायची. आता दर थांब्याला आवाज उतरवतो. डेपोत नुसता श्वास."

"मानलं तुला, गड्या."

"मला कसला मानतोस? परवा पोटाच्या थांब्यावर मीच घोरायला लागलो. तिने आधी माझे दिवे बंद केले, मग गाडी एकटीने डेपोत नेली."

दोघांचं काम झालं. दुकानदाराने तिचा फोन हातात घेतला.

"संध्याकाळपर्यंत हवाय ना, ताई?"

"उद्या दिलात तरी चालेल," ती म्हणाली आणि दाराशी पोचलेल्या ड्रायव्हरकडे वळली. "अहो दादा, गुडघ्यानंतर कुठला थांबा?"