तो टब मीच खरवडला

माझा जन्म कराडचा, आणि हे सर्वांत आधी लिहून घ्या, कारण आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गेल्या स्मरणिकेत माझा उल्लेख पुण्याचे असा झाला आहे. त्याच परिच्छेदात मला पॅरिसचे ख्यातनाम आर्किटेक्ट म्हटलं आहे, आणि ही दोन्ही विधानं सारख्याच लायकीची आहेत. मी आर्किटेक्ट कधीही नव्हतो. मी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेली भिंत कागदावर सरळ काढणारा माणूस, आणि ती मी अशी काढत असे की मोजपट्टी लावून पाहणाऱ्याला लाज वाटावी. माझे वडील भूमापन खात्यात नकाशे काढत. त्यांच्या कचेरीचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला मुळाक्षरांच्याही आधी शिकवला. नकाशावरची रेघ बदलायची झाली तर ती खोडायची नाही, खरवडायची तर मुळीच नाही. तिच्यावर लाल शाईने काट मारायची आणि बाजूला सही करायची, म्हणजे उद्या कज्जा उभा राहिला तर आधी काय होतं, मग काय झालं आणि कोणी केलं, हे तिन्ही दिसलं पाहिजे.

नव्या स्मरणिकेसाठी तुम्ही ते फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आहे ना? ठीक. मग हेही ऐका की मी आज बोलायला बसलो तो आठवणींचा उमाळा आला म्हणून नव्हे. माझी नात सई इथे अमेरिकेतल्या विद्यापीठात डॉक्टरेट करते आहे. युद्धानंतरचा फ्रान्स, हातातून गेलेल्या वसाहती आणि त्याच वर्षांत नव्याने उभी राहिलेली शहरं, असा तिचा विषय. त्यात एक प्रकरण माझ्यावर आहे. त्या प्रकरणात मी वीरपुरुष आहे. ते खोटं आहे, आणि ते पुढच्या शुक्रवारी समितीपुढे जायचं आहे.

मी पॅरिसला गेलो तो मुंबईत बंदराच्या कामावर आलेल्या एका फ्रेंच इंजिनिअरने माझी रेघ पाहून तिथल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीला चिठ्ठी दिली म्हणून. माझा मुलगा मिलिंद इथे पार्टीत लोकांना सांगतो, बाबा यंग असताना पॅरिसच्या कॅफेत बसायचे यार. मी कॅफेत बसत नसे. मी दहा तास ड्रॉइंग बोर्डापुढे उभा असे आणि सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत असे, आणि काय सांगू, आंघोळीशिवाय अन्नाला न शिवणाऱ्या घरातला मी, त्या खोलीला न्हाणीघरच नव्हतं. अर्ध्या शहराला नव्हतं. शनिवारी टॉवेल काखेत मारून सार्वजनिक स्नानगृहाच्या रांगेत उभं राहायचं आणि पुढच्या शनिवारची वाट पाहायची. न्हाणीघर म्हणजे काय हे त्या कचेरीत माझ्याइतकं कोणालाही कळत नव्हतं. हे वाक्य जसंच्या तसं ठेवा.

तेव्हा अल्जीरियाचं युद्ध चालू होतं. माझ्या रंगाच्या माणसाला पोलीस रस्त्यात थांबवत, भिंतीकडे तोंड करायला लावत. मी पासपोर्ट वरच्या खिशात ठेवायला शिकलो होतो. तो दाखवला की शिपाई म्हणे, अच्छा, भारत, जा. माझ्याबरोबर बेल्कासेम असे. तो अल्जीरियन, कचेरीच्या तळघरात अमोनियाच्या यंत्रावर आमच्या नकाशांच्या प्रती काढणारा. त्याला जा म्हणत नसत. मी पुढे कोपऱ्यावर थांबत असे. थांबत असे, एवढंच; सईने तिच्या प्रकरणात त्या थांबण्याचीही मर्दुमकी केली आहे.

पुढे अल्जीरिया स्वतंत्र झाला, आणि ज्यांना तिकडून हाकललं गेलं होतं आणि जे आधीपासून इकडे पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते, त्या सगळ्यांसाठी शहराच्या कडेला दहा-दहा मजली इमारती उठू लागल्या. आमच्या कचेरीत दिवसाला एक मजला निघत असे. एका इमारतीचा नकाशा मी पूर्ण केला, शाईत, ट्रेसिंग कागदावर, छोटासा टब धरून. दुसऱ्या दिवशी मुख्य साहेब आले आणि म्हणाले, ही इमारत झोपड्यांतल्या अल्जीरियन कुटुंबांना जाणार आहे, टब काढून टाका. का, असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. हे लोक टबात कोळसा भरतील, आधी त्यांना घरात राहायला शिकू द्या. मी दाढीचं पातं घेतलं आणि टब खरवडला. काळी शाई पात्याने अशी उचलायची असते की कागदाला कळू नये, आणि त्या कचेरीत माझ्याइतकं स्वच्छ कोणी खरवडत नसे. याचाही मला अभिमान होता, आता सांगतो.

टब गेला. पण टबाकडे येणारा पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप, या दोन तुटक रेघा राहिल्या. त्या का राहिल्या, हाच सगळा वाद आहे. सईला तो नकाशा तिकडच्या दप्तरखान्याच्या संगणकावर सापडला, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. ती म्हणाली, आजोबा, पाइप तर तिथेच आहे, यू लेफ्ट इट देअर, धिस इज रेझिस्टन्स. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातला तरुण दुसऱ्या गुलामांसाठी गुपचूप पाणी सोडून ठेवतो, अशी ती कथा. मिलिंद म्हणतो, तसं नाही गं, बाबा विसरले असणार. मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, मी आयुष्यात एकही रेघ विसरलेलो नाही. मग काय, तुम्ही रेझिस्टन्स केला? नाही. मग विसरलात. नाही. मग ती दोघं एकमेकांकडे पाहून हसली, ज्याचा या वयात मला सर्वांत जास्त राग येतो ते हसणं.

आता ऐका. त्या कोपऱ्यात साहेबांनी आधीच दोनदा बदल करवले होते. कागद तिथे इतका पातळ झाला होता की आणखी एकदा पातं फिरलं असतं तर फाटला असता, आणि फाटला असता तर सबंध मजला पुन्हा काढावा लागला असता, आणि तो शनिवार होता, आणि मला स्नानगृहाच्या रांगेत पोहोचायचं होतं. माझ्या आंघोळीसाठी मी घाईत होतो. साहेबांनी न पाहता सही केली. ठेकेदाराने नकाशात होतं ते बांधलं, आणि प्रत्येक घराच्या भिंतीतून बूच मारलेला पाइप बाहेर आला.

दोन वर्षांनी त्या इमारतीत बेल्कासेमला घर मिळालं आणि त्याने मला जेवायला बोलावलं. त्याने मला त्या कोपऱ्यात नेलं. बूच काढून नळ बसवला होता, खाली पत्र्याचं घंगाळ, पुढे फुलांचा पडदा. म्हणाला, सगळ्या मजल्यांवर आहे असं, सगळे म्हणतात हिंदुस्तानी माणसाने ठेवलंय. त्याच्या आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या म्हातारीने तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. पुदिन्याचा चहा आला, खजूर आले. मी चहा प्यायलो. मी खजूर खाल्ले. मी म्हणालो नाही की टब होता, आणि तो मीच काढला. सईला ही आभाराची गोष्ट मीच सांगितली होती, ती लहान असताना, झोपवताना, तेवढीच. तेव्हा या खोट्याचा कारखानाही माझाच आहे.

मग मी परत आलो, पुण्यात तीस वर्षं नोकरी केली, पत्नी गेली, आणि मिलिंदने मला इकडे वेस्ट विंडसरला आणलं. आता इथलं सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या घरांच्या मागच्या मोकळ्या जागेत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी अपार्टमेंट येणार अशी बातमी फिरली, आणि आपल्याच माणसांनी विरोधाचा अर्ज काढला. ट्रॅफिक वाढेल, शाळेचं रेटिंग पडेल. एक काकू मला म्हणाल्या, काका, त्या लोकांना मेंटेन करता येत नाही हो. मी त्यांना विचारलं, टबात कोळसा भरतील का? त्यांना वाटलं माझं वय झालं. मिलिंदने माझ्या डोळ्यांदेखत डायनिंग टेबलावर सही केली. त्यानंतर मला सईचं प्रकरण सहन होईनासं झालं.

काल मी तिला म्हटलं, नकाशाची मोठी प्रत काढून आण. तिने आणली. त्या प्रतीत खालून उजेड दिल्यासारखा कागद दिसतो, आणि जिथे मी खरवडलं तिथे टबाची कड पुसट दिसत होती. साठ वर्षं मी समजत होतो की कोणालाही दिसणार नाही. मी म्हटलं, लाल पेन दे. ती म्हणाली, आजोबा, व्हॉट आर यू डुइंग, कमिटीला हे कळणारच नाही. मी म्हटलं, समजावून सांग, त्यासाठीच तुला इतकं शिकवलं. पण काट मारायची तर आधी रेघ असावी लागते, नाहीतर काट कशावर मारणार? म्हणून मी आधी काळ्या पेनाने तो टब पुन्हा काढला. आयुष्यात काढलेली सर्वांत वाईट रेघ ती. मग त्यावर लाल काट मारली आणि बाजूला पूर्ण सही केली, वा. ग. कारखानीस, देवनागरीत. तिने विचारलं, तारीख कुठली घालायची? मी म्हटलं, आजची.

तिने लॅपटॉप उघडला. मग म्हणाली, हे सगळं चॅप्टर बदलावं लागेल, आणि शुक्रवारी कमिटी आहे. बदल, म्हटलं. रात्रभर बसली. मुलगी माझ्याच हट्टाची आहे, तिला यश येवो, आणि या वेळी ते खऱ्यावर येवो.

तुम्ही हे टाइप करून मला वाचून दाखवाल, तेव्हा एक पथ्य पाळा. माझं एखादं वाक्य तुम्हाला खटकलं तर ते गाळू नका. त्यावर काट मारा आणि बाजूला सही करा. तुम्हाला सही करण्याचा कंटाळा नाही, हे मी अपार्टमेंटच्या विरोधाच्या त्या अर्जावर पाहिलं आहे.