जनरेटरचा लाल दिवा

चूक सरळसरळ मामाची. भिवंडीत पॉवरलूमचं वायरिंग करणारा हा माणूस वशिल्यानं मुंबईच्या फ्लाइंग क्लबात घुसला आणि कॉलेज सोडलेल्या मलाही त्यानं हाताखाली ओढलं. हे घडलं त्याच महिन्यात मला कायम करणार होते. मामाला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, म्हणून विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदी मी करायचो.

एकदा पायलटनं तक्रार लिहिली, ‘जनरेटरचा लाल दिवा लागतो.’

मामा म्हणाला, “मंग बिघाड कसला? लूमवर दिवा लागला म्हंजे लाइन हाय. लिव, दिवा चांगला लागतो.”

मला काही कळेना, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पायलट ओरडला, “अहो, दिवा अजून लागतोय!”

“याला दिवा हवाय का नको?” असं पुटपुटत मामानं बल्बच काढला. “लिव, आता लागत न्हाय.”

पुढच्या उड्डाणात बॅटरी उतरली, रेडिओ मुका झाला. पायलट कसाबसा खाली आला. तेव्हा समजलं, जनरेटर बंद पडला की तो दिवा लागतो.

क्लबाच्या साहेबांनी नोंदवही पुढे करून विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

मामा म्हणाला, “भाच्याचं अक्षर हाय, साहेब.”

माझी नोकरी त्याच दिवशी गेली.